नोंद आहे म्हणजे आहे

— नाही, ते टेबल जागेबरोबरच राहील. हलवायला चार माणसं लागतात, आणि या दारातून ते आत आलं कसं हे मला अजून कळलेलं नाही, तेव्हा बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. बसा ना, वकीलबाई. उभ्यानं बघितली की खोली मोठी वाटते, बसल्यावर खरी केवढी ते कळतं. ती खिडकी — दुपारी तीननंतर तिच्यातून ऊन सरळ डोळ्यांवर येतं, म्हणून कॉम्प्युटर या भिंतीला लावा. प्लग तीन आहेत, त्यातला मधला सैल आहे, त्याच्यावर भरवसा ठेवू नका, तो फक्त पंख्यापुरता. पक्षकारांना बसायला बाहेर बाक आहे, पण भिंत पातळ — इथलं सगळं बाहेर ऐकू जातं, आणि माणूस वकिलाकडे जे बोलायला येतो ते बाकावरच्या दुसऱ्यानं ऐकायचं नसतं. जाड पडदा लावून घ्या. मी बत्तीस वर्षं म्हणतोय, लावू, लावू.

स्कॅनर घेतलाय म्हणालात, चांगलं केलंत. कागद आला की त्याच दिवशी स्कॅन करायचा, उद्यावर टाकायचा नाही. आणि नाव देताना पक्षकाराचं नाव, कोर्ट, तारीख — याच क्रमानं, दरवेळी याच क्रमानं. नाहीतर 'नवीन', 'नवीन दोन', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं' असल्या चाळीस फाइली होतात, आणि कोर्टात उभं राहून तुम्ही त्यातली नेमकी कुठली ते शोधत बसता. सगळ्याची एक प्रत या इमारतीच्या बाहेर, दुसरीकडे कुठेतरी. आणि पासवर्ड — पासवर्ड कागदावर लिहायचा, पाकिटात घालायचा, पाकीट चिकटवायचं आणि विश्वासातल्या दुसऱ्या माणसाकडे द्यायचं. हसू नका. माहितीय मला, हल्ली कागदावर पासवर्ड लिहिणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. काढू देत. बरं, तुमची डायरी कोण बघणार? तारखांची डायरी म्हणतोय मी. — मिस्टर. म्हणजे घरचंच माणूस. हो, आमच्याकडेही घरचंच माणूस होतं.

आमची ही काही वकील नव्हती. लग्न झालं तेव्हा टायपिंगच्या परीक्षेत पहिली आलेली, एवढंच. मी नुकतीच सनद घेतलेली, टायपिस्ट ठेवायची ऐपत नाही — तर म्हणाली, मी बसते महिनाभर. बसली ती एकतीस वर्षं. तुमच्या उजव्या हाताला जमिनीवर तो फिका चौकोन दिसतोय ना, तिथे तिचं टेबल. कोर्टातले शिपाई तिला डायरीबाई म्हणायचे. मला कुणी विचारायचंच नाही — समोरच्या बाजूचे वकीलसुद्धा फोन करायचे, 'साहेब राहू देत, डायरीबाईंना द्या, अमुक दाव्याची पुढची तारीख विचारायचीय.' म्हणजे त्यांच्या स्वतःच्या तारखा. आणि ही डायरी न उघडता सांगायची. मग उघडून खात्री करायची, आणि मला नुसत्या डोळ्यांनी म्हणायची — बघा. पक्षकार अगदी काकुळतीला आला ना, की तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. 'नोंद आहे म्हणजे आहे.' बस. माणूस शांत होऊन घरी जायचा. मी अर्धा तास कायदा समजावून जे होत नसे, ते तिच्या चार शब्दांत व्हायचं.

कॉम्प्युटर मुलीनं आणला. मुलगी दुसऱ्या गावाला असते, असल्याच कामात आहे — ऑफिसांच्या नोंदी मशिनवर चढवून द्यायच्या. सुट्टीत आली, आठ दिवस इथे बसली, सगळी डायरी आत घातली. हिनं आधी तोंड वाकडं केलं, आणि दोन महिन्यांनी हीच मुलीला फोनवरून शिकवायला लागली. तारीख घातली की तीन दिवस आधी माझ्या फोनवर घंटी वाजणार, अशी सोय. मुलीनं जाताना मला बाजूला घेतलं आणि एकच गोष्ट सांगितली — 'बाबा, तारीख एकानं घालायची आणि दुसऱ्यानं मूळ कागदाशी ताडून बघायची. प्रत्येक तारीख. आईनं घातली तरी.' मी म्हटलं, तुझ्या आईनं घातलेली तारीख मी ताडून बघू? कोणत्या तोंडानं? ती म्हणाली, 'तोंडाचा प्रश्न नाही, बाबा, पद्धतीचा आहे.' हे लिहून घ्या वाटल्यास. बाकी सगळं विसरलात तरी चालेल. मिस्टरांना राग येईल, येऊ दे.

मग एक सोमवार उजाडला. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा असं मुलीनं बजावलं होतं, ही इमानेइतबारे बदलायची आणि कुणाला सांगायची नाही — मलासुद्धा नाही, कारण कुणालाच सांगायचा नाही असंही मुलीनंच बजावलं होतं. त्या सोमवारी साडेनऊला येऊन बसली, बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि तशीच बसून राहिली. मला वाटलं मशीन बंद आहे. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, 'येतोय, थांबा.' शिंक येतेय म्हणतात ना, तसं. साडेदहाला कोर्ट. मुलीचा वाढदिवस घालून बघितला, लग्नाची तारीख घातली, जुन्या घराचा नंबर — दरवेळी ती लाल ओळ. शेवटी मुलीनं तिकडून सांगून सांगून दुपारपर्यंत उघडून दिलं. तोवर मी या कोर्टातून त्या कोर्टात 'आज माझं काही आहे का' असं विचारत हिंडत होतो, दरवाजा चुकलेल्या माणसासारखा. संध्याकाळी ही म्हणाली, 'रात्री झोप झाली नव्हती.' मी म्हटलं, 'हो, झोप झाली नव्हती.' झाली होती झोप. शेजारीच तर असतो मी.

पुढचं लांबवत नाही. डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, औषध सांगितलं, आणि औषधानं बरं होणार नाही हेही सांगितलं. मी विचारलं, मग करायचं काय? म्हणाले, जे काम रोज करतात ते करत राहू द्या. आता तुम्ही सांगा, ती रोज करायची ते काम कोणतं? तारखा. मी डॉक्टरांना म्हणालो का, की अहो, ते काम लोकांच्या घरादाराचं आहे? नाही म्हणालो. उलट मला बरंच वाटलं, की चला, डॉक्टरच म्हणाले. मुलगी म्हणाली, डायरी दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी म्हटलं, देतो. सुट्टी लागली की देतो. सुट्टी संपली की देतो. संध्याकाळी ती पलीकडे तोंड धुवायला गेली की मी चोरासारखा तिच्या नोंदी तपासायचो, चूक दिसली की गुपचूप बदलायची आणि आपल्या खुर्चीत येऊन बसायचं. रोज? बहुतेक रोज. ती आनंदात असायची त्या दिवशी नाही तपासायचो. वाटायचं, आज ठीक आहे. आज कशाला.

त्यातच पाळणाघरवाल्या बाईंचं प्रकरण आलं. पंचवीस-सव्वीस वर्षं राहत्या घरात पाळणाघर चालवायच्या त्या, आमची मुलगीही चार वर्षं त्यांच्याकडेच होती. नवरा वारला आणि दिरानं दावा लावला — घर वडिलांचं, म्हणजे आता माझं, वहिनीनं खाली करून द्यावं. खालच्या कोर्टात आम्ही हरलो. पण अपील भक्कम होतं. नवऱ्याच्या हिश्श्याचा एक जुना कागद होता, तो खालच्या कोर्टानं धड वाचलाच नव्हता. मी बाईंना सांगितलं होतं, घाबरू नका, वर हे टिकणार नाही. निकाल नऊ तारखेचा, अपिलाला तीस दिवस. पुढच्या महिन्याची नऊ उलटली की मुदत गेली. हिनं निकालाची नक्कल समोर ठेवली, आणि मशिनमध्ये नऊच्या जागी एकोणतीस घातलं. मशीन बिचारं काय करणार? त्याला एकोणतीस सांगितलं, त्यानं एकोणतीस लक्षात ठेवलं, अगदी चोख. त्या पुढच्या महिन्यात सव्वीसला सकाळी फोन वाजला, तीन दिवस शिल्लक. मी पहिल्यापासून शेवटच्या तीन दिवसांत लिहिणारा माणूस — हे मात्र माझ्याकडून शिकू नका — फाइल काढली, नक्कल उलटली, तर वरती तारीख नऊ. पाच-सहा वेळा वाचली. चष्मा पुसून वाचली. ही समोर बसून दुसरंच काहीतरी टाइप करत होती, आणि गुणगुणत होती.

आता मुदत गेली म्हणजे सगळं संपलं असं नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. विलंब माफीचा अर्ज. उशीर का झाला ते शपथेवर सांगायचं, कारण पटलं तर कोर्ट माफ करतं. कारण माझ्याकडे होतं. फक्त ते समोर बसून गुणगुणत होतं. दोन दिवस मी हातानं मजकूर लिहीत होतो. 'माझ्या कार्यालयातील तारखांची नोंद ठेवणारी माझी पत्नी' — इथपर्यंत यायचो आणि पेन अडायचं. शेवटी लिहिलं, 'अलीकडे कधीकधी विसरते.' आणि ठरवलं, हे एवढं आपणच टाइप करू. ती औषधाच्या दुकानात गेली होती, मी तिच्या जागी बसून दोन बोटांनी ठोकत होतो. ती कधी आली, किती वेळ पाठीमागे उभी होती, मला पत्ता नाही. म्हणाली, 'उठा. असं टाइप करतात का कुणी.'

मी कागद ओढून घ्यायला गेलो तर तिनं त्याच्यावर हात ठेवला. वाचला. पूर्ण वाचला. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर — मला काय वाटलं मलाच माहीत नाही. तिनं समास सोडला, मथळा घातला आणि टाइप करायला लागली, पूर्वीच्या वेगानं. मध्येच थांबून म्हणाली, 'अलीकडे म्हणजे कधीपासून? कोर्टाला अलीकडे चालत नाही. नक्की सांगा.' मी म्हटलं, राहू दे गं. तर म्हणाली, 'पासवर्ड गेला त्या सोमवारपासून. चौदा महिने झाले.' मोजलेले होते तिनं, बघा. एकेक महिना मोजलेला होता. आणि म्हणाली, 'हे कधीकधी काढून टाकते. विसरते म्हणजे विसरते.' वकीलबाई, स्वतःबद्दलची ती सगळी कलमं तिनं एका चुकीशिवाय टाइप केली. परिच्छेदांना आकडे घातले, प्रिंट काढली, टाचणी लावली आणि सहीसाठी माझ्यापुढे ठेवली, जसं रोज ठेवायची तसं. मी सही केली.

त्या चौदा महिन्यांनीच घात केला. दिराच्या वकिलानं तेवढंच धरलं — चौदा महिने माहीत होतं ना, मग डायरी का काढून घेतली नाही? न्यायाधीशबाई भल्या होत्या. आवाज न चढवता म्हणाल्या, वकिलांना पूर्ण कल्पना असताना त्यांनी काहीच व्यवस्था केली नाही, ही चूक नव्हे, हा निष्काळजीपणा आहे, आणि पक्षकारानंही महिनाभरात स्वतःहून चौकशी केलेली दिसत नाही. अर्ज नामंजूर. लगेच पुढचं प्रकरण पुकारलं. पाळणाघरवाल्या बाई मागच्या बाकावर होत्या. घराचा ताबा घ्यायला कोर्टाची माणसं यायच्या आधीच त्यांनी घर रिकामं केलं. लहान लहान गाद्या होत्या, एकवीस, दोरीनं बांधून पायरीवर रचून ठेवलेल्या. मी गेलो होतो मदतीला. कसली मदत. एक गठ्ठा उचलून नुसता उभा राहिलो, कुठे ठेवायचा तेच कळेना, मग त्यांनीच माझ्या हातातून घेतला. आता बहिणीकडे राहतात, एका खोलीत पाच माणसं. मी म्हटलं, बाई, माझ्यावर दावा लावा, चांगला वकील मीच गाठून देतो. त्या म्हणाल्या, 'आणि त्याच्या तारखा कोण सांभाळणार?' हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

मग पंधरा दिवसांनी आमच्या घरी आल्या, त्यांचे जुने कागद परत न्यायला. मी इथे होतो. हिला आत ठेवून बाहेरून कडी लावून आलो होतो — असं बघू नका, दोनदा रस्ता चुकली होती, एकदा तर बाजाराच्या पार पलीकडे सापडली. त्यांनी कडी काढली. मी परत गेलो तर दोघी टेबलाशी बसलेल्या, ही रुमालांच्या घड्या घालतेय आणि त्या मोजतायत. मला म्हणाल्या, 'उद्यापासून नऊ ते पाच मी येत जाईन. मुलं सांभाळायला आता जागा नाही, पण सवय आहे.' मी नको म्हणायला हवं होतं. कोणत्या तोंडानं हो म्हणालो? हो म्हणालोच नाही, नकोही म्हणालो नाही, त्या आल्या. रोज येतात. आताही तिथेच आहेत. तिला भरवतात, केस विंचरून देतात, मागच्या गल्लीपर्यंत हात धरून फिरवून आणतात. मी संध्याकाळी दार उघडतो, त्या म्हणतात, 'आज बाई नीट जेवल्या,' आणि चप्पल घालतात. मी काय बोलायचं? मी म्हणतो, 'बरं.'

— काय म्हणालात?

नाही, मधल्या काळात त्यांनी चौकशी केली नाही. निकालात लिहिलंय ना तसं. माझ्या अर्जातही तसंच आहे. — हो, तुम्हाला वाटणं साहजिक आहे. घर जायची वेळ आलेली बाई, आणि महिनाभर वकिलाकडे फिरकत नाही, असं कसं. चांगला प्रश्न आहे. दिराच्या वकिलाला सुचला नाही, न्यायाधीशांनाही नाही. चालेल तुमची वकिली.

जरा ती पाण्याची बाटली द्या इकडे. नाही, काही होत नाहीये.

आल्या होत्या. सहा तारखेला, दुपारी. तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसल्या होत्या. कॅलेंडरचं पान फाडून आणलं होतं, एकेक दिवस पेन्सिलीनं खोडलेला. म्हणाल्या, 'वकीलसाहेब, मी मोजून बघितलं, तीनच दिवस राहिलेत ना?' ही म्हणाली, 'एकोणतीस आहे,' आणि स्क्रीन फिरवून त्यांना दाखवली. त्या स्क्रीनकडे बघतायत, पानाकडे बघतायत, माझ्याकडे बघतायत. फाइल त्या कपाटात होती, दुसऱ्या कप्प्यात. उठून चार पावलं. नक्कल उलटायची आणि तारीख बघायची, एवढंच. मी अर्धा उठलो होतो. आणि हिनं माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी सकाळीच — गॅस चालू राहिला म्हणून मी ओरडलो होतो, मग दोन पायांत दोन वेगळ्या चपला घातल्या म्हणून बोललो, मग रस्त्यात कुणाला तरी भलत्याच नावानं हाक मारली, तेव्हा बोललो. या जिन्यात ती थांबली आणि म्हणाली, 'आज आता मला एकदाही दुरुस्त करू नका.' मी म्हटलं, नाही करणार. तर ती माझ्याकडे बघत होती, रागानं नाही हो — परीक्षेला बसलेली मुलं वर्गात फिरणाऱ्या मास्तरांकडे बघतात ना, तसं. मी खाली बसलो. बसलो आणि पाळणाघरवाल्या बाईंना म्हटलं, 'नोंद आहे म्हणजे आहे. तुम्ही मुलं सांभाळा, तारखा आम्ही सांभाळतो.' त्यांनी पानाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि गेल्या. मला संशय आला होता का? आला होता. म्हटलं उद्या बघू, ही जागेवर नसताना. उद्या दुसरं काहीतरी निघालं, आणि परवा ती आनंदात होती.

येणाऱ्या-जाणाऱ्याची नोंद ठेवत जा, वकीलबाई. कोण आलं, कधी आलं, काय विचारलं. आमच्याकडे फक्त तारखांची होती. येणाऱ्यांची असती तर मला तसं लिहिताच आलं नसतं. काय लिहिता आलं नसतं म्हणता? ते वाक्य. अर्जातलं. 'मधल्या काळात पक्षकाराकडून कोणतीही विचारणा झाली नाही.' मीच घातलं होतं. बायकोचा आजार मी शपथेवर मांडायला तयार झालो, पण मी अर्धा उठून खाली बसलो हे लिहायला नाही झालो. बायको विसरली, हे चालतं. वकिलाला सांगितलं होतं आणि त्यानं बघितलं नाही, हे कसं चालेल? म्हणून ते वाक्य. ही टाइप करत करत तिथे आली आणि तिची बोटं थांबली. म्हणाली, 'आल्या होत्या ना त्या?' मी फाइलची दोरी बांधायला लागलो. म्हणाली, 'हातात कॅलेंडरचं पान होतं. पेन्सिलीनं खोडलेलं.' तिला आठवत होतं. कधी घराचा रस्ता आठवत नव्हता, पण ते पान, ती पेन्सिल, सगळं आठवत होतं. आणि मी म्हणालो, 'नाही गं. तुला उगाच वाटतंय तसं.'

एवढंच म्हणालो. ती बघत राहिली माझ्याकडे. मग म्हणाली, 'असेल. हल्ली मला वाटतं काहीतरी.' आणि टाइप केलं ते वाक्य, पूर्णविरामासकट.

तेव्हापासून तिनं मला कधी 'आठवतंय' असं म्हटलेलं नाही. विचारते. 'असं झालं होतं का हो?' प्रत्येक गोष्टीला, 'झालं होतं का हो?' आज सकाळी विचारलं, 'आपल्याला मुलगी आहे ना हो?' मी म्हटलं, आहे. लगेच मान हलवली. मी सांगतो ना, म्हणजे खरंच असणार.

तर पाळणाघरवाल्या बाईंची ती फाइल. तुमच्या कोपराशी आहे तीच. जागा दाखवायला बोलावलं हे खरं, पण फाइल मी सकाळीच काढून ठेवलीय, हेही खरं. अर्ज नामंजूर झाला त्याविरुद्ध वरच्या कोर्टात अजून जाता येतं — नव्वद दिवस, त्यातले अकरा राहिलेत. हे मी मोजलेत, मूळ कागद समोर ठेवून, तीनदा. पक्षकार स्वतः मुदतीच्या आत येऊन गेली आणि वकिलानं तिला परत पाठवलं, एवढं समोर आलं तर वकिलाच्या चुकीची शिक्षा तिला होत नाही, तुम्हीही जाणता. मी काही आता तिचा वकील राहू शकत नाही. दुसरं कुणीतरी हवं, तरुण, इथेच बसणारं. त्यांच्याशी अजून बोललो नाहीये मी. त्या पानाबद्दल त्याही कधी बोलल्या नाहीत. कोर्टात ते वाक्य मोठ्यानं वाचलं गेलं तेव्हा मागे बसून त्यांनी ऐकलं, आणि तेव्हाही बोलल्या नाहीत. का ते विचारायची माझी छाती होत नाही. रोज संध्याकाळी दारात भेटतो आम्ही. मी म्हणतो, 'बरं.'

उघडा ना. बघा तरी.

— हो. बरोबर आहे. लेखी तर लागेलच. माझंच प्रतिज्ञापत्र लागेल, की सहा तारखेला त्या आल्या होत्या आणि आधी मी शपथेवर खोटं सांगितलं. दुसरा साक्षीदार कोण आहे? एकच होता, आणि तिला मीच —

द्यायला हवं. मला कळतं, द्यायला हवं. दुसऱ्याला मी हेच सांगितलं असतं, आणि वर चार शब्द सुनावलेही असते. लिहायला बसतो मी, रोज बसतो, 'मी शपथेवर सांगतो की' इथवर येतो. खोट्या शपथेचं काय होतं ते तुम्हाला माहितीय. सनद गेली तर जाऊ दे, तिचं आता काय करायचंय, पण मला आत टाकलं तर हिच्याजवळ कोण? आणि घर परत मिळालं की बाई त्यांच्या घरी जाणार, जायलाच हव्यात, मुलं येतील पुन्हा — मग हिचे नऊ ते पाच? बघा, काय बोलून गेलो. असं नव्हतं म्हणायचं मला. त्यांचं घर त्यांना मिळावं असंच वाटतं मला. वाटतं ना. अकरा दिवस आहेत. अकरा दिवस काही कमी नाहीत.

— आत्ता? नाही, आत्ता कसं होईल. पावणेपाच झाले, बाई पाचला निघतात, हिला एकटीला ठेवता येत नाही. तुम्ही सांगाल आणि मी सही करीन, इतकं ते सोपं नसतं, विचार करून लिहावं लागतं. सोमवारी या. सोमवारी नको, सोमवारी डॉक्टर आहेत. मीच फोन करतो तुम्हाला. नाही, फाइल नेऊ नका, राहू द्या तिथेच — अहो, ठेवा म्हटलं ना. जागा पसंत पडली तर कळवा, नाही पडली तरी कळवा. शेवटची पायरी उंच आहे, बघून उतरा.